सातव्या पेवाचा पंचनामा

१

सातवं पेव रिकामं निघाल्याची बातमी हरिपुरात सकाळी साडेनऊला पसरली आणि दहा वाजेपर्यंत पद्माक्का मगदूम गावाच्या लेखी चोर ठरली होती.

पेवात तिची एकशे वीस क्विंटल हळद होती. नवऱ्यानं, भूपालनं, मरायच्या आदल्या वर्षी ती बँकेकडे तारण ठेवून अकरा लाख उचलले होते. जमिनीत वीस फूट खोल खणलेलं, घागरीसारख्या पोटाचं ते पेव तेव्हा काठोकाठ भरलं, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपलं आणि आवाराच्या फाटकाला बँकेचं कुलूप लागलं. त्याला तीन वर्षं झाली. हप्ते थकले तेव्हा बँकेच्या वसुलीवाल्यांनी पेव उघडलं. आत एक हळकुंडही नव्हतं.

आठ दिवसांनी मुख्य कचेरीतून मंदाकिनी उपाध्ये चौकशीला आल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, आणि आता तो चढवायची वेळ आली तर जमेल का, याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. पद्माक्कानं बँकेकडे तक्रार केली होती: वसुलीची माणसं शेजारपाजाऱ्यांसमोर अब्रू काढतात, जावयाला फोन करतात, आणि मला न कळवता त्यांनी पेव उघडलं. तक्रार खोटी ठरली तर त्याच संध्याकाळी तिच्यावर तारणमाल परस्पर विकल्याची फिर्याद होणार होती आणि दुसऱ्या दिवशी तिचं राहतं घर बँक ताब्यात घेणार होती. अहवाल पाच वाजेपर्यंत हवा होता.

शाखाधिकारी श्रीकांत हेर्लेकरांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा मात्र स्वतःच्या बाजूलाच वळवून ठेवला.

"थकबाकीदार बाईनं चार ओळी खरडल्या की मुख्य कचेरी अधिकारी पाठवते," ते म्हणाले. "आम्ही महिनाभर शिपाई मागतोय, तो नाही पाठवत."

"तक्रार आली की चौकशी करावी लागते. नियम आहे."

"नियम. मग हा पंचनामा वाचा आणि नियमाबाहेरची एक रेघ दाखवा मला."

उपाध्येबाईंनी वाचला. आठ वाजून दहा मिनिटांनी लिंपलेली माती शाबूत असल्याचं पाहून ती पंचांसमक्ष फोडली. आठ छत्तीसला पेवाचे कामगार तम्माण्णा कोळी यांनी आत उतरून तळातून फोटो काढला. माल नाही. नऊला फरशी ठेवून बँकेची मोहोर लावली. कर्जदारास आदल्या दिवशी कळवले होते, हजर राहिल्या नाहीत.

"तुम्ही होतात तिथे?"

"मी साताऱ्याचा माणूस, बाई. पेव म्हणतात ते अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझं काम फाटकाची चावी द्यायची, सही घ्यायची." त्यांनी चावीची वही पुढे सरकवली. आदल्या संध्याकाळची सहाची नोंद होती, चावी स्ट्राँगरूममध्ये जमा. खाली दुसऱ्या दिवशीची: चावी वसुलीचे श्री. घोडके यांना दिली, वेळ सात पंचावन्न. दोन्हींवर हेर्लेकरांची ठसठशीत सही.

"आणि एक लिहून घ्या," ते म्हणाले. "साडेनऊला ती बाई पेवावर आली ती हातात पेटता कंदील घेऊन. एप्रिलच्या भर उन्हात. डोकं ठिकाणावर नाही तिचं. अशा बाईच्या तक्रारीवर माझी शाखा तुम्ही पालथी घालताय."

उपाध्येबाईंनी पंचनामा पुन्हा चाळला. कंदिलाचा त्यात उल्लेख नव्हता.

२

पद्माक्का दारातच उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, कपाळावर आठ्यांची जाळी.

"बसा म्हणणार नाही," ती म्हणाली. "बँकेच्या माणसांना बसवून बघितलंय. उठताना घराची मापं घेऊन जातात."

"मी तुमच्याच तक्रारीसाठी आलेय."

"तक्रार माझी, पगार बँकेचा. कुणाच्या बाजूनं लिहिणार ते शाळेतल्या पोरालाबी कळेल."

उपाध्येबाईंनाही मनातून हेच वाटत आलं होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला जड गेलं. त्यांनी वही उघडली. "पेव उघडणार हे तुम्हाला कुणी कळवलं होतं?"

"कुणीसुद्धा नाही. नऊ वाजून गेल्यावर चहावाल्या इकबालचा फोन आला, आक्का, तुमच्या पेवावर माणसं हायत म्हणून. पळत गेले. तोपर्यंत सगळं बंद करून वर मोहोरेची लाख ओतून मोकळे. तो घोडके मला म्हणतो कसा, आक्का, हळद खाल्ली का अंगाला लावली? आन् गडी हसले की सगळे. माझ्या नवऱ्यानं भरलेलं पेव ते. त्याच्या पहिल्या श्राद्धादिवशी हाच घोडके दारात उभा होता. पानावरची माणसं उठून गेली."

"श्राद्धाच्या दिवशी?"

"मग काय खोटं सांगतेय व्हय मी? जावयाला फोन करून म्हणतो, सासू बुडवी हाय, पोरीला माहेरी पाठवू नका. जयसिंगपूरला असते माझी पोरगी. तीन महिने झाले, आली नाही."

उपाध्येबाईंनी ते शब्द न् शब्द उतरून घेतलं. मग विचारलं, "कंदील कशाला नेला होता?"

पद्माक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. हळूहळू तिचा चेहरा लाल होत गेला.

"पेव उघडलंय म्हटल्यावर कंदील नेऊ नको तर काय आरती नेऊ? त्या हेर्लेकरानं शिकवून पाठवलंय ना तुम्हाला? मला वेडी ठरवायला?"

"तसं नाही, मला खरंच..."

"तुमची चौकशी झाली. निघा."

दार लागलं. उत्तर आतच राहिलं.

३

रणजित घोडके इकबालच्या टपरीवरच्या बाकावर पाय पसरून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. कुणी काही विचारायच्या आत त्यानं बँकेचं अधिकारपत्र काढून बाकावर ठेवलं.

"बघून घ्या मॅडम. ओळखपत्र, अधिकारपत्र, प्रशिक्षणाचा दाखला. आम्ही आता गुंड राहिलो नाही, सगळं पुस्तकाप्रमाणं. सकाळी आठच्या आत दारात पाय टाकायचा नाही, संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा करायचा नाही. झोपेतून उठवून विचारा, सांगतो."

"शेजाऱ्यांसमोर बोलायचं नाही, हेही पुस्तकात आहे. नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, सुतकात नि श्राद्धाला जायचं नाही, हेही."

घोडके हसला. "श्राद्ध कधी असतंय ते आम्हाला पत्रिका पाठवून कळवत नाहीत, मॅडम. आन् पुरावा काय? पुरावा माझ्याकडं हाय." त्यानं मोबाइल पुढे धरला.

फोटो पेवाच्या तळातून वर काढलेला होता. चारी बाजूंनी काळोख, वर मधोमध आभाळाचा लख्ख गोल तुकडा, आणि त्या तुकड्यात वरून डोकावणारं घोडकेचं तोंड. कोपऱ्यात वेळ होती, आठ छत्तीस.

"मीच मोबाइल दोरीनं खाली सोडला. म्हाताऱ्याला म्हटलं, दाब इथं. आता सांगा, याहून चोख काम कोण करतंय?"

इकबाल तांबोळी बशा विसळत होता. पंचनाम्यावर पंच म्हणून त्याची सही होती. उपाध्येबाईंनी त्याला विचारलं, "माती फोडताना तुम्ही पाहिलीत?"

"फोडलेली पाहिली. ढीग पडला हुता बाजूला."

"फोडताना?"

"ए भाई," घोडके बसल्या जागेवरून म्हणाला, "तुला वाचता येतंय ना? वाचून सही केलीस ना? मग आता मॅडमना कहाण्या सांगू नको. टपरी सरकारी जागेत हाय तुझी."

इकबालनं बशी उपडी घातली. "मला आठनंतर बोलावलं. सही कुठं करायची ते दाखवलं. मी केली. ह्याच्या पुढं मला विचारू नका, बाई. तुम्ही संध्याकाळी जाणार, हा हितंच ऱ्हाणार."

एक वाजत आला होता. उपाध्येबाईंच्या हातात एक चोख फोटो, एक चोख वही आणि एक चोख पंचनामा होता. इतका चोख कागद त्यांनी क्वचित पाहिला होता, आणि का कोण जाणे, तेच त्यांना सलत होतं.

४

तम्माण्णा कोळी त्यांना मगदुमांच्या आवारापलीकडे, चौगुल्यांच्या पेवावर सापडला. सत्तरीचा, काळा, दोरीसारखा पिळदार म्हातारा. हरिपुरात पेवं उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती उघडणारी माणसं त्याहून कमी. त्यानं नुकतीच फरशी सरकवली होती. जमिनीला पडलेल्या त्या गोल तोंडातून उग्र, कोंदट वास वर येत होता.

उपाध्येबाई वाकून बघायला गेल्या.

"मागं सरा," तो खेकसला. "मराचंय का?"

त्यानं शेजारचा कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि तोंडातून आत सोडू लागला. एक हात, दोन हात. ज्योत स्थिर होती. पाच-सहा हातांवर ती आखडली, नुसती ठिणगी राहिली, आणि कुणी बोटानं चिमटावी तशी विझली.

तम्माण्णानं कंदील वर ओढला.

"आता?" उपाध्येबाईंनी विचारलं.

"आता घरी जायाचं. भाकरी खायाची. चार-पाच तासांनी परत कंदील सोडायचा. तळापतूर पेटता ऱ्हायला, तर माणूस सोडायचा."

"आणि त्याआधी उतरलं तर?"

"माझा चुलता उतरला हुता. कंदील आणायचा कटाळा केला त्यानं. माणसाचा जीव बी तसाच जातो बगा, आवाज न करता."

एप्रिलच्या उन्हात कंदील घेऊन पळत आलेली बाई उपाध्येबाईंना आता नीट दिसली. तिला वेडी म्हणणारा माणूसही दिसला. त्या तिथल्याच दगडावर बसल्या आणि पिशवीतून पंचनामा काढला. माती फोडली आठ दहाला. माणूस तळाशी आठ छत्तीसला.

"तम्माण्णा, मगदुमांच्या पेवात तुम्ही उघडल्यावर किती वेळानं उतरलात?"

"कागदात काय लिवलंय?"

"सव्वीस मिनिटांनी."

म्हाताऱ्यानं दोरीची वेटोळी पुरी केली.

"मग कागद खरा का मी खरा, ते तुमीच ठरवा," तो म्हणाला. "मी तर जिता हाय."

उपाध्येबाईंनी पंचनामा मिटला. "पेव आदल्या दिवशीच उघडलं होतं."

"सांजच्याला पाचाला मी एकट्यानं उघडलं. फाटकाला कुलूप नव्हतं. घोडकेनं सांगून ठिवलं हुतं, उघडून घरी जा. दहाला तो ट्रक आन् आठ गडी घिऊन आला, तवर वारं खेळलं हुतं आत. पाटंपतूर हळद पोत्यात भरून वर काढली. मी बी काढली." त्यानं दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "पोरानं रिक्षा घेतलीया कर्जानं. घोडके म्हणाला, न्हाई आलास तर उद्या रिक्षा उचलतो."

"आणि पंचनाम्यातली वेळ?"

"सकाळी कागद लिवताना त्यानं इचारलं, म्हाताऱ्या, तोंड उघडल्यापास्नं उतरायला किती येळ लावू? आदल्या सांजला तो नव्हता, त्याला काय ठावं. मी म्हनलं, लगीच. फरशी काढली की आत."

"तुम्ही खोटं सांगितलंत त्याला."

"खोटंच पायजे हुतं त्याला. मी दिलं." तम्माण्णानं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "आठ दिस झाले. मला वाटलं, बँकेत कुनालातरी वाचता येत असंल. लई येळ लागला तुमाला."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"पोराची रिक्षा तुमी सांबाळनार?"

तम्माण्णानं कंदील उचलला आणि मागे न बघता निघून गेला.

५

चार वाजता हेर्लेकरांच्या खोलीत तिघं होती. घोडके भिंतीला टेकून उभा होता. उपाध्येबाईंनी कंदिलाचं सांगितलं. आवाज सुरुवातीला कापला, मग सावरला. माती आठ दहाला फुटली असती तर आठ छत्तीसला तळाशी पोचलेला माणूस वर आला नसता. तो फोटो खरा असेल तर पंचनामा खोटा.

घोडकेच्या तोंडावरचं हसू विरघळलं. त्यानं हेर्लेकरांकडे पाहिलं.

हेर्लेकर मात्र आरामात मागे रेलले.

"छान," ते म्हणाले. "पण तुम्ही अर्धीच गोष्ट ऐकून आलात, बाई. घुसमट होते ती हळदीनं. माल श्वास घेतो, हवा खातो. पेव आधीच रिकामं असेल तर कसली घुसमट? म्हातारा खुशाल उतरला, याचा अर्थ आत आधीपासून माल नव्हता. तुम्ही त्या बाईची चोरी सिद्ध करून दिलीत. आभारी आहे."

घोडकेच्या जिवात जीव आला. "बरोबर की."

वर्षानुवर्षांची सवय उपाध्येबाईंना सांगत होती, चुकलीस, कागद गोळा कर आणि नीघ. मग त्यांना जाणवलं, की आपण आत्ता नेमकं काय ऐकलं.

"सकाळी तुम्ही म्हणालात, पेव डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पेवातली हवा कोण खातं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऐकतो माणूस. बाजारात बसलोय."

"माल नसला तरी भिंतीला सारवलेलं शेण आणि मालाभोवती लावलेला उसाचा पाला तीन वर्षं आत कुजतोच, ते असू दे. तुमचं खरं धरू. मग मला चावी समजावून सांगा." त्यांनी वही उघडली. "आदल्या संध्याकाळी सहाला चावी स्ट्राँगरूममध्ये जमा. तुमची सही. सकाळी सात पंचावन्नला चावी घोडकेंच्या हातात. तुमची सही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, एक तुमची, एक मुख्य रोखपाल वैशाली कांबळेंची. त्या दिवशी कांबळेबाई साडेनऊला आल्या. स्ट्राँगरूम उघडल्याची नोंद नऊ चाळीसची आहे. मी मघाशी त्यांच्या वहीत पाहिली. तोवर पेवाला मोहोर लागून चाळीस मिनिटं झाली होती."

हेर्लेकरांनी पेपरवेट उचलला आणि परत ठेवला.

"चावी आत गेलीच नव्हती," उपाध्येबाई म्हणाल्या. "ती आदल्या संध्याकाळी बाहेर होती, म्हणून फाटक पाचला उघडं होतं. ही चावी या शाखेबाहेर कुणाकडे नाही. पद्माक्काकडे तर कधीच नव्हती. वसुलीला आठच्या आधी जाता येत नाही, आणि साडेनऊला बाई येऊन थडकली. म्हणून रात्रभराचं काम तुम्ही पन्नास मिनिटांत बसवलंत. वेळ नियमात बसली. बाकी कशातच बसली नाही."

"म्हाताऱ्यानं फसवलं," घोडके पुटपुटला.

"तोंड बंद ठेव," हेर्लेकर म्हणाले.

"का ठेवू?" घोडके भिंतीपासून सुटला. "तुमीच म्हणालात की, वेळ आठनंतरची घाल, बाकीचं मी बघतो. हे बघितलं व्हय तुम्ही? ट्रक कुपवाडला कुणाच्या गोदामात गेला, सांगू का मॅडमना? तुमच्या मेव्हण्याच्या. मला मिळाले ऐंशी हजार. ओळखपत्र माझं, सही माझी, जेल बी माझीच व्हय?"

"पुराव्याला कोण आहे तुझ्या?" हेर्लेकर थंडपणे म्हणाले. "एक गुंड आणि एक अंगठेबहाद्दर. तोही येणार नाही."

दारावर टकटक झाली. उत्तराची वाट न बघता तम्माण्णा आत आला. पाठोपाठ त्याचा मुलगा होता, तिशीचा, खाकी शर्टातला. मुलानं रिक्षाची किल्ली टेबलावर ठेवली.

"ही घ्या," तो घोडकेला म्हणाला. "उचला रिक्षा. बापाला आता बोलू द्या."

पाचला सात मिनिटं कमी असताना अहवाल मुख्य कचेरीला गेला.

६

दोन दिवसांनी घराच्या ताब्याचा हुकूम मागे घेतल्याचं पत्र उपाध्येबाईंनी स्वतः नेऊन दिलं. पद्माक्कानं ते उभ्यानंच वाचलं, आधी भरभर, मग एकेक ओळ बोट लावून.

"फिर्याद?"

"तुमच्यावर नाही. त्या दोघांवर झाली."

"आणि तम्माण्णा?"

"त्याचा जबाब झालाय. त्यालाही कोर्टात उभं राहावं लागेल."

"उभा राहील. पाप केलंय त्यानं." तिनं पत्रावरचं बोट उचललं. "वकील मी देईन."

"हळद सापडलीय. तीस-बत्तीस पोती विकली गेली, त्यांचे पैसे बँकेला तुमच्या खात्यात धरावे लागतील."

"आणि कर्ज?"

"ते आहे."

"ते नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. तुमच्या कागदात कुठं असेल तर दाखवा."

"नाही," उपाध्येबाई म्हणाल्या. "कुठेच नाही."

पद्माक्कानं पत्राची घडी घातली. आत या, असं ती म्हणाली नाही. आभारही मानले नाहीत.

"जयसिंगपूरला माझ्या जावयाला बँकेनं पत्र लिहायचं," ती म्हणाली. "जे फोनवर सांगितलं ते खोटं होतं म्हणून. बँकेच्या कागदावर, शिक्क्यासकट. तुमच्या तोंडी शब्दाचं मला काही करायचं नाही."

"उद्या लिहिते."

"बघू."

दार लागलं. उपाध्येबाई पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. आत सुंभाची गाठ कुरकुरत सुटल्याचा आवाज आला, पोतं जमिनीवर उपडं झालं. मग फळीवर एक पातेलं ठेवल्याचा आवाज, त्याच्या शेजारी दुसरं, मग तांब्या, मग एकात एक बसणारे डबे. बांधून ठेवलेलं घर एकेक करून जागेवर जात होतं.